गोठ्यातला फॉगर सेट घ्यावा का? कवठेमहांकाळच्या उन्हात वापरून बघितल्यावर

फॉगर सेट (गोठ्यात वरनं पाण्याचं बारीक धुकं सोडणाऱ्या नोझलांचा संच) घ्यायला हरकत नाही, पण दुकानदार 'दूध वाढतं' म्हणून गळ्यात मारतोय, त्या कारणासाठी घेऊ नका. आधीच सांगून टाकतो, कारण गोठ्यात येणारा प्रत्येक जण वर बघतो, धुकं पडताना व्हिडिओ काढतो आणि पहिला प्रश्न 'कितीला पडलं' आणि दुसरा 'दूध वाढलं का'. दूध वाढत नसतं बाबांनो. उन्हाळ्यात जे तुटतं ते कमी तुटतं एवढंच, आणि तेवढं झालं तरी पैसे फिटतात हे पण खरं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळच्या पूर्वेला, जतच्या अंगाला. वाळवा-पलूसच्या नदीकाठच्या पाहुण्यांना आमचा उन्हाळा सांगून कळत नाही, पारा चाळीसच्या आसपास आणि हवा अशी कोरडी की सकाळी वाळत घातलेलं धोतर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलेस्तोवर सुकतंय. दावणीला दोन पंढरपुरी म्हशी, एचेफ (होल्स्टिन फ्रिजियन, परदेशी जातीच्या) गाई, खिलारी जोडी, आणि चुलत्यांची एक घोडी जी लग्नसराईत परण्याला (नवरदेवाच्या मिरवणुकीला) जाते. शेळ्या पण आहेत पण शेळ्यांचं काय, त्या लिंबाखाली बसून रवंथ करत आमची धावपळ बघत असतात. गोठा पत्र्याचा.

सेट घेतला मिरजेतल्या एका ठिबकवाल्याकडनं. नाव लिहित नाही कारण पुढं तक्रार पण आहे, आणि तसंही द्राक्षपट्ट्यात ठिबकची दुकानं पैशाला पासरी, माल सगळीकडं तोच मिळतो. दहा फॉगर, प्रत्येकाला चार तोंडं, प्रत्येकाच्या डोक्यावर थेंब थांबवणारा छोटा वॉल्व्ह, सोळा एमएमची नळी, जोडायचे टी, एक स्क्रीन फिल्टर. अर्ध्या एचपीची मोटर आणि टायमर वेगळा घेतला. सगळं धरून सात हजाराच्या आत बसलं, फिटिंग घरच्या घरी, नळीला भोकं पाडायचा पंच दुकानदारानं फुकट दिला. ते बरं केलं.

आता खरी गोष्ट. चार तोंडाचा एक फॉगर तासाला साधारण २८ लिटर पाणी टाकतो, एका तोंडाला सात, आणि त्याचं धुकं व्हायला चार किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास प्रेशर लागतं. घरगुती अर्ध्या एचपीला दोन-अडीच किलो मिळालं तरी लय झालं. दुकानात डेमो दाखवतात तो एकाच नोझलवर, तिथं मस्त धुकं पडतं, महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतं, आणि घरी दहाच्या दहा चालू केले की धुकं कमी आणि रिमझिम जास्त. त्यामुळं दुकानात 'चालतंय का' असं विचारू नका, सगळे नोझल एकदम चालू असताना शेवटच्या नोझलला प्रेशर किती राहील ते विचारा. दुकानदार डोकं खाजवायला लागला तर मोटर एक एचपीची बघा किंवा नोझल कमी करा.

पण गंमत बघा, म्हशींना ती रिमझिमच मानवली. त्याचं कारण असं की फॉगर हवा गार करतो, जनावर गार करत नाही. कोरड्या हवेत बारीक थेंब खाली यायच्या आत उडून जातो आणि उडताना हवेतली उष्णता खातो, चार-पाच अंशाचा फरक पडतो, आपल्याला खाली उभं राहिलं की जाणवतो. पण म्हशीच्या अंगातली उष्णता बाहेर काढायची तर पाणी कातडीपर्यंत पोचून तिथनं उडालं पाहिजे. नुसतं धुकं पडलं की केसांच्या टोकाला पांढरे बारीक थेंब बसतात, हात उलटा फिरवून केस फाकवले तर आत कातडी कोरडी, आणि वरचा तो ओला थर आतली उष्णता उलट कोंडून धरतो. हे गाईच्या पाठीवर हात ठेवून कुणीपण बघू शकतं. म्हणून पंख्याशिवाय फॉगर म्हणजे अर्धवट काम. आम्ही एक-दीड मिनिट पाणी आणि मग दहा-बारा मिनिटं नुसता पंखा असं टायमरला लावलंय, अंग भिजतं, वाऱ्यानं सुकतं, सुकताना गार होतं, मग परत. नुसत्या म्हशी असतील तर मी तर म्हणेन फॉगर घेऊच नका, मोठ्या थेंबाचे छोटे स्प्रिंकलर मिळतात ते घ्या, प्रेशर कमी लागतं आणि पैसे पण वाचतात.

म्हशीचं दुखणं वेगळंच असतं, कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यामुळं तिला डुंबल्याशिवाय चैन नाही. पूर्वी ओढ्याला डोह असायचे, आता म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन आलं तर ओढा दिसतो नाहीतर वाळू. एका नोझलचा वॉल्व्ह खराब होऊन तो सारखा गळायचा, तर मोठी म्हैस दावं ताणून बरोब्बर त्याच्याखाली मान धरून उभी राहायची आणि डोळे मिटून घ्यायची, धाकटी जवळ आली की शिंगानं बाजूला सारायची, आणि पंढरपुरीची शिंगं म्हणजे खांद्याच्या मागं जातात, धाकटीचं काय चालणार. तो नोझल बदललाच नाही शेवटी, दुसरा एक तसाच गळता करून दिला.

एचेफ गाईंना फरक जास्त दिसला. ते गारठ्यातलं जनावर, तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की तिला त्रास सुरू होतो असं मानतात, आणि आपल्याकडं मार्चपासनं दुपारी तो वरच असतो. मोबाईलवर तापमान बघण्यापेक्षा बरगड्या बघा, मिनिटाला श्वास साठच्या वर गेले की गाय तापलीय, तोंड उघडं पडून लाळ गळायला लागली म्हणजे आपण उशीर केलाय. फॉगर-पंखा सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात श्वास खाली येताना दिसतात. दुपारची वैरण मात्र बंद करा, पोटात वैरण आंबताना पण उष्णता तयार होते, कडबा-मुरघास पहाटे आणि रात्री घाला. खिलारी जोडीला ह्यातलं काही लागत नाही. पांढरं अंग, जतच्या उन्हात वाढलेली जात, सावली आणि पाणी दिलं की बास, त्यांच्या बाजूला लाईनच नेली नाही.

सगळ्यात जास्त वैताग दिला तो बोअरच्या पाण्यानं. आपलं पाणी लय जड, नोझलच्या तोंडाला आठवड्यात पांढरी कड धरते, आधी एका तोंडाचं धुकं वाकडं जातं, मग पिचकारी, मग बंद. सेटसोबत आलेला फिल्टर वाळूपुरता ठीक आहे पण क्षार त्याच्यातनं आरपार जातात, ते कुठल्याच जाळीच्या फिल्टरला अडत नाहीत. नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायचे, सकाळी ब्रशनं घासून फुंकायचे. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं की तो नोझल कायमचा गेला. कॅनॉलचं पाणी टाकीत घेणाऱ्यांना क्षार कमी पण शेवाळ जास्त, त्यांनी १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर लावून दर दोन दिवसाला धुवावा. अजून एक, नळी काळी असते आणि उन्हातनं आणली की पहिलं मिनिटभर अंगावर कढत पाणी पडतं, गाई बिचकतात आणि मग मोटरीचा आवाज आला तरी मागं सरकतात. टाकीपासनं गोठ्यापर्यंतची नळी वीतभर मातीत पुरून टाका.

लाईटीचं तुम्हाला माहितीच आहे. शेतीची थ्री फेज आठ तास, त्यात आठवड्याला पाळी बदलते, रात्रपाळी आली की भर दुपारी फॉगर बघत बसायचं. म्हणून मोटर घरच्या सिंगल फेजवरच घ्या. आणि इथंच माझी तक्रार आहे, व्होल्टेज कमी-जास्त होऊन टायमर गेला, महिना पण झाला नव्हता, दुकानात नेला तर म्हणतो "इलेक्ट्रिकच्या वस्तूला गॅरंटी नसती ओ." घेताना तोंडातनं शब्द काढला नव्हता. बिल पण साध्या चिठ्ठीवर. पुढचा टायमर गावातल्या वायरमनकडनं घेतला, तो बिघडला तर निदान घरी येऊन बघतो तरी.

पाण्याचा हिशोब पण करून ठेवा. दहा नोझल सलग चालवले तर तासाला २८० लिटर, टँकर घालणाऱ्या माणसाला हे परवडायचं नाही. टायमरवर मिनिटभर चालू आणि दहा मिनिटं बंद केलं तर तासाला पंचवीस लिटर, अकरा ते पाच धरलं तर दीडशे लिटर. दुभती गाय उन्हाळ्यात एकटीच ऐंशी-शंभर लिटर पिते, म्हणजे दीड-दोन गाईंच्या पिण्याएवढं पाणी. ज्याच्याकडं पिण्याचंच पाणी मोजून आहे त्यानं फॉगरचा विचार सोडावा, प्यायला पाणी कमी आणि अंगावर फवारा हा उलटा कारभार झाला. जमीन पण बघा, खाली चिखल राहिला आणि गाय धार काढल्यावर त्यात बसली की दगडी (कासेची सूज) ठरलेली, तो दवाखान्याचा खर्च फॉगरपेक्षा जड जातो.

आता घोडी. दुकानदार आणखी चार नोझल घोडीच्या ठाणावर द्यायला तयार होता, "घोड्याला तर लय भारी" म्हणत होता. घेतले नाहीत. घोड्याला माणसासारखा, खरं तर माणसापेक्षा खारट घाम येतो आणि तो घाम उडून जाण्यावरच त्याचं गार होणं असतं. घोडीचं ठाण तीन बाजूंनी बंद आहे, तिथं धुकं सोडलं की हवा दमट होणार, घाम अंगावरच राहणार, वर मुताचा वास कोंडणार ते वेगळंच. तिला पाहिजे वारा. मागच्या भिंतीच्या दोन ओळी विटा काढून झरोका केला आणि वर पंखा लावला, वायर पाइपातनं आणि तोंड पोचणार नाही अशी, घोडं रिकामं उभं राहिलं की पहिलं दातानं काय तरी ओढतंच.

पण घोडीचा खरा उन्हाळा ठाणावर नसतोच, तो परण्यात असतो. एप्रिल-मेचे मुहूर्त, अक्षता साडेबाराच्या, त्याच्या आधी मारुतीच्या देवळापासनं मांडवापर्यंत परण्या. पुढं डीजे, दर दहा पावलाला थांबून नाच, खाली डांबर मऊ झालेलं, अंगावर जरीची झूल, गोंडे, आणि वर नवरदेव, त्याच्या पुढ्यात एखादं पोरगं. चालणं कमी आणि उन्हात उभं राहणंच जास्त. केंद्राचे १९६५ चे नियम आहेत, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी, ३७ अंशाच्या वर तापमान जातं तिथं दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावायचं नाही. लग्नाच्या पार्टीला हे सांगितलं की हसतात, "आमच्या लग्नात कायदा सांगतोय व्हय" म्हणतात. चुलत्यांनी आता सुपारी घेतानाच बोलून घ्यायला सुरवात केलीय, घोडी साडेअकराला मांडवात, त्याच्यानंतर नवरदेव चालत. काही सुपाऱ्या गेल्या. जाऊदे.

परत आली की साज काढल्यावर बघा, तंगाच्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आतनं घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, बोटानं खरवडलं तर पावडर येते. तेवढं मीठ अंगातनं गेलेलं असतं. आणि अशा वेळी आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात की तापल्या घोड्यावर गार पाणी घालू नका, पाय धरतो, पोट धरतो. हे आता मोडीत निघालंय. १९९६ चं अटलांटाचं ऑलिंपिक दमट उन्हाळ्यात होतं म्हणून त्याच्या आधी ह्याच्यावर भरपूर संशोधन झालं, आणि गार पाणी बिनधास्त, सारखं, सगळ्या अंगावर ओतत राहणं हाच घोडा गार करायचा सगळ्यात पटकन होणारा उपाय ठरला. मानेवर, छातीवर, पाठीवर, मांड्यांवर ओतत राहायचं, वारं असेल तर अजून चांगलं. ओलं पोतं टाकून ठेवू नका, ते पाच मिनिटात गरम होतं आणि उष्णता आतच कोंडतं. प्यायला पाणी थोडं थोडं पण लगेच, तोडायचं नाही.

ह्या सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू कुठली म्हणाल तर मेडिकलमधला डिजिटल थर्मामीटर. शेपटाखालनं लावायचा, मागं दोरी बांधून चिमट्यानं शेपटीला अडकवायचा म्हणजे आत जात नाही, आणि लावताना मागं नाही, बाजूला उभं राहायचं. घोडीचं नॉर्मल ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, निवांत असताना श्वास मिनिटाला आठ ते सोळा, नाडी अठ्ठावीस ते चव्वेचाळीस. पाणी ओतून, सावलीत उभी करून अर्धा तास झाला तरी पारा चाळीसच्या खाली येत नसेल तर डॉक्टरला बोलवायचं, फिरत्या पथकाचा नंबर १९६२ आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच बसली तर ठीक, घडी तशीच राहिली तर पाणी कमी पडलंय. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की दोन सेकंदात रंग परत आला पाहिजे. आणि अंग भट्टीसारखं गरम पण घाम नाही अशी घोडी दिसली तर वाट बघू नका, घाम बंद होणं हे चांगलं लक्षण नसतं.

पाणी म्हणाल तर गार दिवसात पंचवीस-तीस लिटरवर भागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी पन्नासच्या वर जातं. काळी प्लास्टिकची टाकी उन्हात असेल तर पाणी कढत होतं आणि घोडी तोंड लावून सोडते, आपल्याला वाटतं तहान नाही. मग सुका कडबा पोटात अडकतो आणि रात्री ती लोळायला लागते, पोटाकडं वळून बघते. आमची दगडी डोण सावलीत सरकवली, रोज घासून काढतो, आणि संध्याकाळचा कोंडा पाण्यात पातळ करून देतो, तेवढंच पाणी पोटात. मीठ रोज पंचवीस-तीस ग्रॅम कोंड्यात, परण्याच्या दिवशी इलेक्ट्रोलाइट पावडर, पण पावडर कोरडी चारून पाणी न देणं सगळ्यात वाईट, त्यापेक्षा नुसतं पाणी द्या.

आणि ह्याच्यावरनं आठवलं. एका पशुखाद्याच्या दुकानात चाटण वीट घेत होतो, काउंटरवरच्या पोरानं गाईची युरियाची वीट पुढं केली, "घोड्याला पण चालती, सगळ्यांना चालती." नाही चालत. युरियाची वीट रवंथ करणाऱ्या जनावरासाठी असते, त्यांच्या पोटातले जंतू युरिया वापरतात, घोड्याला त्याचा उपयोग नाही. त्याहून मोठी भानगड म्हणजे गाईंच्या काही खाद्यात आणि मिक्श्चरमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते पचतं, घोड्याच्या हृदयावर ते विषासारखं काम करतं, थोडं जरी गेलं तरी घोडा जाऊ शकतो. पोत्यामागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर घोडीला खाद्य वेगळंच ठेवा. आम्ही खड्याच्या मिठाचा मोठा ढेकूळ टांगलाय, चाटती बिचारी.

सेट घ्यायच्या आधी पत्र्याचं काय ते करा. पत्र्यावर वरनं चुन्याचे दोन हात आणि त्याच्यावर फूटभर अंतर सोडून हिरवी शेडनेट, ह्या दोन गोष्टींना फॉगरच्या निम्मे पण पैसे लागले नाहीत आणि लाईट नसताना त्याच चालू असतात. पाचट टाकायला सांगणारे भेटतील, गार राहतं खरं, पण वायरिंगची एक ठिणगी पुरे. इतकं करून पण दुपारी गाई धापा टाकत असतील, घरात सिंगल फेज आणि पाणी असेल, तर फॉगर घ्या, पंखा धरून घ्या. पहिला वळीव झाला की त्याचा उपयोग निम्म्यावर येतो, हवा दमट झाली की थेंब उडतच नाही, नुसता चिखल. मृगाला आम्ही लाईन बंद करतो, नोझल काढून व्हिनेगरमधनं काढून डब्यात.

माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला तो प्रेशरच्या डेमोसाठी आणि टायमरसाठी. कुणाला बसवायचा असेल तर गोठ्याची लांबी, पत्र्याची उंची, मोटर किती एचपीची आणि पाणी बोअरचं का कॅनॉलचं एवढं लिहून विचारा, सांगतो, नुसतं 'प्राईस?' लिहू नका.